चांदी लावा, हे पगारी नव्हते

ज्यांच्यावर अन्याय झाला ते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. अन्याय झाला गेल्या नोव्हेंबरातल्या तिसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वातीन वाजता, पहिल्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये. कोणी केला, हे वाक्य मी चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं. पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. तिथला पहिला धडा असा : कोणावर, कधी, कोणी, आणि आपली मागणी काय. चार प्रश्न, एक पान. इथे तिसऱ्या प्रश्नावर माझं पेन अडकतं. अडकू दे. आधी माणूस बघा.

कापायच्या आधी मास्टर कापडावर हात ठेवायचे. टेबलावर कापडाचे वीस-वीस थर रचलेले, खडूच्या रेघा मारून झालेल्या, मशीन चालू करायला कारागीर तयार, आणि मास्टर उजवा तळवा कापडावर टेकवून नुसते उभे. मिनिटभर. कधी दोन मिनिटं. "कापड बसू दे," एवढंच म्हणायचे. नवा माणूस समजायचा, नमाज किंवा मंत्रबिंत्र काहीतरी चाललंय. मीही तेच समजले होते. पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, "मास्टर, तुम्ही काय पुटपुटता?"

"पुटपुटतो कुठे? कापड ताणून टाकलंय, त्याला जरा दम खाऊ दे. घाईत कापलं तर धुतल्यावर आखडतं. मग बाही एक आखूड, एक लांब. सिक्युरिटीवाल्याला काय, चालवून घेईल बिचारा. पण का चालवून घ्यावं गो त्यानं?"

मला हे वाक्य फार आवडलं. मी ते वहीत लिहून ठेवलं, पत्रकात कामाला येईल म्हणून.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी तसं बजावलंय. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले, वय बासष्ट, एकवीस वर्षं याच कारखान्यात. मी शारजात, अल मजाजमध्ये वाढलेली, वडील पुण्याचे, इंजिनियर. मी शिक्षणासाठी पुण्याला गेले, परत आले आणि मे महिन्यात या कारखान्यात मर्चंडायझिंगला लागले. म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवं ते कागदावर उतरवायचं आणि खाली पाठवायचं. शाळांचे गणवेश, हॉटेलचे, गार्डचे. आणि वर्षातून एकदा स्कॉटलंडचा एक म्हातारा.

तुम्ही म्हणाल, मध्येच स्कॉटलंड कुठून आलं? मलाही तसंच झालं होतं. खालच्या मजल्यावर, जिथे बाकी सगळीकडे खाकी आणि नेव्ही ब्ल्यू, तिथे मास्टरांच्या कपाटात पुठ्ठ्याचे पॅटर्न टांगलेले, आणि प्रत्येकावर मराठीत लिहिलेलं : 'गावकंपनी, करडा, सुरुवातीचा'. 'तीच कंपनी, लाल, वीस वर्षांनी'. 'टी अक्षरवाले'. मी विचारलं, हे काय? मास्टरांनी सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, मागवला. तिथेच माझी चूक झाली. चाळीस मिनिटं सुटका नाही.

"बाय, ऐक. अठराशे एकोणसाठ साल. फ्रान्सवाले येणार, फ्रान्सवाले येणार, अशी तिकडे बोंब. सैन्य तर लांब, दुनियाभर पसरलेलं. मग गावंच्या गावं उठली. म्हणाली, आम्हीच शिकतो बंदूक. दुकानदार, गवंडी, शाळामास्तर, आपले शिंपी पण. दिवसा धंदा, संध्याकाळी कवायत. पगार नाय. युनिफॉर्म खिशातून. शहरात तर वकिलांची वेगळी कंपनी, बँकवाल्यांची वेगळी, आणि दारू न पिणाऱ्यांची वेगळी!" इथे ते नेहमी हसायचे. "मी असतो तर त्या कंपनीत. आपला म्हातारा मात्र तिथे घुसूच शकला नसता."

"आणि मग?"

"मग काय? आपल्याकडं अंडरआर्म क्रिकेट असतं ना, तसंच. वाडीची एक टीम, मोहल्ल्याची एक टीम, प्रत्येकाची जर्सी वेगळी. कोण करडा, कोण हिरवा. मग वरून हुकूम : एवढ्या टीमा नकोत, दहा मिळून एक करा, नंबर लावा. मग म्हणाले, पगारी पलटणीला जोडा. मग एकोणीसशे आठला नवीन नाव, कॉलरला 'टी' अक्षर. मग परत जोड, परत तोड. दर पंधरा-वीस वर्षांनी कोणतरी कागदावर रेघ मारतो आणि एका गावाचं नाव खलास."

हे सगळं त्यांना म्हाताऱ्याने शिकवलं होतं. म्हातारा तिथल्या एका लहान गावात बस चालवायचा आणि शनिवार-रविवारी शिपाई व्हायचा, तीस वर्षं. लोक अशांना शनिवारचे शिपाई म्हणून चिडवायचे. रिटायर झाल्यावर त्याने गावच्या कंपनीचे जुने पोशाख पुन्हा शिवून घ्यायला सुरुवात केली. दर वर्षी एक काळ. तो इंग्रजीत बोलायचा, तेही असं की आमच्या ऑफिसात कोणालाच कळायचं नाही. मास्टर हिंदी-कोकणी-इंग्रजीत बोलायचे. दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. कसं, ते मला अजून माहीत नाही.

तर चांदीचं. म्हाताऱ्याच्या प्रत्येक ऑर्डरला मास्टर फिती लावणाऱ्यांना एकच वाक्य सांगायचे : "चांदी लावा. हे पगारी नव्हते."

पगारी सैन्याच्या अधिकाऱ्यांना सोनेरी फीत, या हौशी लोकांना रुपेरी. बटणंसुद्धा पितळी नाहीत, पांढऱ्या धातूची. लांबून बघताच कळावं, कोण पगारी आणि कोण नाही. मला ते ऐकल्याबरोबर राग आला. म्हटलं, म्हणजे खिशातून पैसे घालून लढायला तयार होणाऱ्यांना दुय्यम दर्जा? त्यांनी सोनं का मागितलं नाही?

मास्टरांनी माझ्याकडे बघितलं. "दुय्यम कोण म्हणालं? वेगळं हाय."

"वेगळं म्हणजेच दुय्यम, मास्टर. नेहमी असंच असतं."

"हां. तू शिकलेली." आणि ते कापडाकडे वळले.

ऑगस्टमध्ये म्हाताऱ्याची शेवटची ऑर्डर आली. चोवीस करडे कोट. गावातली कंपनीची जुनी कवायतीची इमारत आता सभागृह होणार होती, आणि त्या दिवशी गावातली चोवीस माणसं पहिल्या कंपनीचा पोशाख घालून चालणार होती. म्हातारा स्वतः पुढे. त्याने मास्टरांना फोनवर सांगितलं की यापुढे आता काही नाही, वय झालं. मास्टर त्या दिवशी जेवले नाहीत. चोवीसही कोट त्यांनी स्वतः बेतले, आणि मग मुलीच्या लग्नासाठी गावाला गेले. तीन आठवडे.

फिती आणि बटणं लावायचं काम आमच्या तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या युनिटमध्ये होतं. तिथे सूचना म्हणून जातो तो फक्त कागद. कागद मी भरायचा. मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"ये सिल्वर क्यूँ? इमिटेशन में गोल्ड का रेट भी सेम है. गोल्ड दे दो. कस्टमर खूश हो जाएगा. फ्री अपग्रेड."

इथे जो राहतो त्याला हे वाक्य चुकीचं वाटूच शकत नाही. या देशात सोन्याने कोणाचं वाईट झालंय? लग्नाच्या पत्रिकेपासून मिठाईच्या डब्यापर्यंत सगळं सोनेरी. आणि मी तर आतून पेटलेलीच होते. दीडशे वर्षं या लोकांना चांदीवर भागवलं, आता द्या त्यांना सोनं! मी 'सोनेरी' या चौकोनात खूण केली. कोणी भाग पाडलं नाही. आनंदाने केली.

मास्टर लग्नाहून परतले, सोबत सगळ्यांसाठी आंबावडी. माल निघायला चार दिवस होते. दर वेळी ते कंपनीच्या व्हॅनने उम्म अल कुवैनला जाऊन शेवटची नजर टाकायचे. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. मी म्हटलं, "मास्टर, मी सगळं बघितलंय. तुम्ही दमलात. राहू द्या."

"नक्की गो?"

"नक्की."

ते गेले नाहीत. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. खोकी पोचली, म्हाताऱ्याने उघडली आणि व्हिडिओ कॉल लावला. रागावला असता तर बरं झालं असतं. कोट उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि हळूहळू, आम्हाला कळावं म्हणून एकेक शब्द तोडत म्हणाला : हे आमचे नाहीत. हे पगारी लोकांचे आहेत. मग मास्टर कुठे आहेत, असं विचारलं. मास्टर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी स्क्रीनवरचं सोनं बघितलं आणि उजवा तळवा माझ्या टेबलावर टेकवला, कापडावर ठेवायचे तसा.

आता तो सोमवार. मीटिंग रूममध्ये मॅनेजर, मास्टर आणि मी. टेबलावर झालेल्या चुकीचा रिपोर्ट, वरच्या ऑफिसला पाठवायचा. एक रकाना, 'जबाबदार व्यक्ती'. तो रिकामा. माझं प्रोबेशन चालू होतं. मास्टरांचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपत होतं, आणि साठीच्या वरच्यांचं रिन्यू होताना फाइल वर जाते, तिच्यात असा कागद लागला की संपलं. हे तिघांनाही माहीत होतं. मॅनेजर कोणाकडेच न बघता म्हणाले, "किसी का तो नाम लिखना पड़ेगा."

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. असं सगळेच म्हणतात, म्हणून विश्वास ठेवू नका. मी मनात वाक्य जुळवत होते. पत्रकाची सवय, वाक्य नीट जुळल्याशिवाय बाहेर येत नाही. तेवढ्यात मास्टरांनी कानामागची पेन्सिल काढली, ती परत ठेवली, मॅनेजरच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सही केली. सव्वातीन वाजले होते. समोरच्या घड्याळाकडे बघण्याशिवाय मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून वेळ लक्षात आहे.

त्या संध्याकाळी घरी मी जेवणाच्या टेबलावर आग पाखडली. कंपन्या अशाच असतात, एकवीस वर्षांच्या माणसाला असं वागवतात, मी पत्रक काढणार, नावानिशी लिहिणार. आई-बाबा ऐकत होते. माझी धाकटी बहीण, तेरा वर्षांची, पोळीवरून नजर न उचलता म्हणाली, "बट हू टिक्ड द बॉक्स?"

आईने तिला गप्प केलं. त्याची गरज नव्हती. मी ताट घेऊन उठले होते.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. मास्टर पुठ्ठ्याचे पॅटर्न कपाटातून उतरवत होते.

"मास्टर, सही का केलीत?"

"बघायला जायला हवं होतं. गेलो नाय."

"मी तुम्हाला जाऊ नका म्हटलं होतं!"

"तू म्हणालीस. पाय माझे होते."

"तुमच्यावर कोणी सक्ती केली का?"

"नाय."

"मग?"

ते कपाटातच बघत होते. "बाय, त्या लोकांचं एक मला कधी कळलं नाय. एकोणीसशे चौदा साल. लढाई लागली. कायद्यानं यांना देशाबाहेर पाठवता येत नव्हतं. ते घर राखायला होते. मग त्यांना मैदानात उभं केलं आणि विचारलं, बाहेर जायला कोण तयार? एक कागद. सही करायची सक्ती नाय. आणि केल्या त्यांनी. दुकानदार, गवंडी, मास्तर. किती परत आले नाय. मी म्हाताऱ्याला विचारायचो, का केल्या? तो म्हणायचा, माझ्या आज्याने पण केली, त्याला पण सांगता आलं नाय."

"याचा इथे काय संबंध?" मी ओरडलेच. कारागीर बघायला लागले. "ती लढाई होती. हा फितीचा कागद आहे! आणि तुम्ही दुसऱ्याची चूक अंगावर घेताय, त्याने अन्याय करणारा सुटतो, हे कळतंय का तुम्हाला?"

"सुटला का?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून, अगदी सहज. टोमणा होता की खरंच विचारत होते, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी चार पानांचं पत्रक लिहिलं. ते वाचून मास्टर म्हणाले, "अक्षर चांगलं हाय. पण हे कोणाविरुद्ध हाय? मॅनेजरच्या? तो रेट बघतो, त्याचं कामच ते. कंपनीच्या? म्हाताऱ्याच्या? बघ, नीट बेतलेलं नाय. घाईत कापलंस." आणि पानं घडी करून माझ्या हातात दिली.

आठवड्याने मी मॅनेजरकडे गेले आणि सांगितलं की खूण माझी होती. ते म्हणाले, "पता है." नुसतं एवढंच. मी म्हटलं, मग रिपोर्ट बदला. "फाइल ऊपर चली गई. खलास. अब बहादुर बनके क्या फ़ायदा?" मी तेच लेखी दिलं. त्याचं पुढे काय झालं, मला कळलेलं नाही. मला काढलंही नाही. हे तर सगळ्यात चीड आणणारं. मला काढायला हवं होतं.

कारखान्यात मास्टरांबद्दल वेगवेगळं बोलतात. एक म्हणतो, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना जायचंच होतं. दुसरा म्हणतो, मुलीचं लग्न झालं, जबाबदारी संपली. तिसरा म्हणतो, तुमच्यासारख्या पोरीचं नाव त्यांच्याने लिहवेना, एवढंच. मी सगळी उत्तरं एकेक करून लावून बघते. एकही अंगाला बसत नाही. कुठेतरी ओढतं, कुठेतरी फुगतं.

डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ते शांतपणे एक काम करत होते. जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या वेळेबाहेर. शारजातून स्वतः आणलेली रुपेरी फीत, चोवीस कोटांच्या मापाने कापायची, प्रत्येक गुंडाळीवर नंबर टाकायचा. सोबत पांढरी बटणं. आणि एक पुठ्ठा, त्यावर चित्रं काढून दाखवलेलं, सोनं कुठून उसवायचं, चांदी कुठे टाकायची. शब्द एकही नाही. पार्सलवर म्हाताऱ्याचा पत्ता माझ्याकडून लिहून घेतला. "तुझं अक्षर चांगलं हाय."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. निरोपाचा केक होता, सोनेरी अक्षरांचा. मास्टरांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही हसलो. बाकीच्यांना काही कळलं नाही. जाताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर मागे सरकले. "आमच्यात नाय असं. नीट जा, नीट राहा, इन्शाल्ला." कानामागची पेन्सिल तेवढी काढून कटिंगच्या टेबलावर ठेवली.

मार्चमध्ये फोटो आला. दगडी सभागृह, आभाळ भरलेलं, चोवीस करडे कोट रांगेत. पुढे म्हातारा, काठी टेकून. मी फोटो मोठा करून बघितला. चांदी होती. पण टाके कसले! वाकडे, लांब, कुठे दोरा लोंबतोय. आमच्या इथे असा माल एक मिनिट टिकला नसता. खाली म्हाताऱ्याने लिहिलं होतं की गावातल्या लोकांनी संध्याकाळी जमून आपल्या हातांनी सोनं उसवलं आणि मास्टरांची चांदी लावली. शिवता येत कोणालाच नव्हतं. बँकेतली बाई, खाटीक, दोन शिक्षक. पगार अर्थातच नाही. आणि विचारलं होतं, सभागृहात पाटी लावायची आहे, शिवणाऱ्याचं नाव काय? कंपनीने तर कळवलंय की चूक मास्टरांचीच होती, हे खरं आहे का?

मी त्याच दिवशी लिहिलं की खरं नाही. चूक माझी. मग मास्टरांना गावाला फोन लावला, नाव घालू का विचारायला. मागे समुद्राचा आवाज होता.

"नाव कशाला गो? मास्टर लिही. तिकडं त्या गावकंपनीतल्या निम्म्या लोकांची नावं पण नायत."

"मास्टर, पण सही का केलीत? एकदा सांगा."

"बाय, अजून तिथेच हायस?" आणि लगेच विषय बदलला. "टाके कसे पडलेत?" त्यांनी विचारलं.

"वाकडे."

"वाकडेच राहू दे," म्हणाले, आणि ठेवला.

कटिंगच्या टेबलावर आता नवे मास्टर आहेत. हुशार आहेत, कॉम्प्युटरवर बेततात. कापड पसरलं की लगेच मशीन चालू. ते एक मिनिट आता कोणी थांबत नाही. पेन्सिल मी उचलून माझ्या टेबलावर आणली आहे. त्या रिपोर्टमध्ये मास्टरांचं नाव अजून तसंच आहे.

तर मागणी. ही मी कंपनीकडे करत नाहीये, तिथे करून झाली. तुमच्याकडे करते. तुमच्या ऑफिसातही असा एक कागद आहे, असा एक रकाना आहे. कधीतरी तो टेबलावर येईल, खूण तुमची असेल, आणि शेजारचा म्हातारा माणूस काही न बोलता पेनाकडे हात नेईल. तेव्हा वाक्य जुळवत बसू नका. घड्याळाकडे बघू नका. त्याचा हात धरा. पेन तुम्ही घ्या.